दवाखान्याची पिशवी

कवठे येमाईला आत्याच्या घरात शिरलं, की दाराआड खिळ्याला ती लटकलेली असते. दार लावलं तरच दिसते. एरवी भिंत आणि फळी यांच्यामध्ये गप उभी. तिचं माहेर मंचरचं. थोरल्या ताईच्या लग्नाचा बस्ता बांधायला सगळे मंचरला गेले होते, तेव्हा शालूबरोबर दुकानदाराने दिली. मूळचा रंग मोरपंखी असावा. आता त्या रंगाला नाव नाही. अंगावर पैठणीतला मोर छापलेला होता, त्याची चोच आणि एक डोळा तेवढा उरलाय. दुकानाच्या फोन नंबरातले शेवटचे तीन आकडे हाताच्या घामाने गेले. डावा बंद एकदा तुटला, तो मामांनी, म्हणजे आत्याच्या नवऱ्याने, दाभण घेऊन सुतळीने शिवला. कांद्याची गोणी शिवावी तसा, तिरका आणि कायमचा.

घरात तिला ‘दवाखान्याची’ म्हणतात. पिशवी हा शब्दही लावत नाहीत; ‘धाकली’, ‘थोरली’ म्हणावं तसं. बाजाराला ती न्यायची नाही. एकदा कुणीतरी तिच्यात मेथीची जुडी टाकून आणली, तर आत्याने दोन दिवस अबोला धरला होता. मामांचं पाकीट कोनाड्यात, ओट्यावर, ट्रॅक्टरच्या सीटवर कुठंही पडलेलं चालतं. दवाखान्याचीला मात्र पोरांनी हातसुद्धा लावायचा नाही. तिला खिळ्यावरून उतरवलं, की शेजारीण कुंपणापलीकडून विचारते, “का गं, कुणाला काय झालं?” तिचं उतरणं म्हणजे घरावर काहीतरी आलेलं असणं, हे वाडीला पाठ आहे.

पोट तिचं कायम सुटलेलं. उभी ठेवली तर राहत नाही, माणसाच्या पायाला टेकून बसते. आत पहिल्या थराला रेशनकार्ड, जाड प्लास्टिकच्या खोळीत. मग सगळ्यांची आधारकार्डं, लॅमिनेशन केलेली. मामांच्या कार्डात नेमका गालावर हवेचा बुडबुडा राहिलाय, त्यामुळे त्यांनी तोबरा भरल्यासारखं दिसतं. मग सातबारा, आठ-अ, तीन वेगवेगळ्या सालांचे उत्पन्नाचे दाखले, मतदानाचं कार्ड, बँकेचं पासबुक. काड्यापेटीत पासपोर्ट साइझ फोटो. आणि झेरॉक्स. झेरॉक्सवरून काढलेल्या झेरॉक्स, आणि त्यांच्याही झेरॉक्स. पहिल्या प्रतीत मामांच्या मिशा ओळखू येतात, तिसऱ्या प्रतीत फक्त टोपी दिसते, पाचवीत काळा चौकोन. तरी प्रत्येकीवर त्यांची सही आहे. शाळेत गिरवली होती तशी, दर अक्षराला थांबून.

या सगळ्याच्या खाली, तळाशी, दुसरंच कुटुंब राहतं. एक्स-रेची मोठी पाकिटं, ती मावत नाहीत म्हणून घडी घातलेली. ईसीजीच्या पट्ट्या, गुंडाळी करून रबर लावलेल्या. त्यांच्यावरच्या रेघा वर्षागणिक फिकट होत चालल्यात. एक अँजिओग्राफीचा रिपोर्ट, डिस्चार्ज कार्ड, गोळ्यांच्या चिठ्ठ्या. वरच्या थरातले कागद सांगतात की हा माणूस कोण आहे, कुठला आहे, त्याची ऐपत किती. तळातले सांगतात की याला काय झालं होतं. वरचे सरकारला लागतात, तळाचे डॉक्टरला. खिळ्यावर दोघं एकत्र नांदतात. त्यांची भांडणं दवाखान्यात लागतात.

पहिलं मोठं भांडण २०१७च्या पावसाळ्यात झालं. रात्री जेवण झाल्यावर मामांच्या छातीत कळ आली, डावा हात जड झाला, घाम सुटला. शेजाऱ्याने जीप काढली. चौघांनी उचलायला हात घातला तर मामा म्हणाले, “आदी पिशवी घ्या, मग मला घ्या.” त्या रात्रीचं त्यांचं हे एकच वाक्य सगळ्यांच्या लक्षात आहे. मंचरला ईसीजी निघाला, तिथून पुण्याला न्यायला सांगितलं. मी पुण्यात त्या रुग्णालयाच्या दारात उभा होतो. आधी मामा उतरले, मागून आत्या, आणि आत्याच्या मांडीवरून ती. उजेडात मी तिला पहिल्यांदा नीट पाहिलं. लग्नाच्या पिशवीवरचा अर्धा मोर आणि मागे स्ट्रेचर.

योजना होती. त्या आधी काही वर्षं, २ जुलै २०१२ रोजी, राज्यातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. २१ नोव्हेंबर २०१३ला ती सगळ्या राज्यात आली, म्हणजे आमच्या शिरूर तालुक्यातही. २०१७च्या एप्रिलमध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालं. कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाखापर्यंत उपचार, खिशातून रुपया न काढता. आजारांची यादी मोठी होती आणि हृदय त्या यादीत होतं. कागदही फार नको होते: रेशनकार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र. योजनेच्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राने खोळीतून रेशनकार्ड काढलं, रंग पाहिला आणि परत खोळीत घातलं. उघडलंसुद्धा नाही. कार्ड पांढरं होतं.

पांढऱ्या कार्डाची गोष्ट सांगायला हवी, कारण दवाखान्याचीच्या पोटातलं ते सगळ्यांत मानी पात्र. १ मे १९९९पासून महाराष्ट्रात तीन रंगांची कार्डं आली: पिवळं गरिबाचं, केशरी मधल्याचं, आणि लाखावर उत्पन्न असलेल्याचं पांढरं. मामांच्या वडिलांच्या घरी तेव्हा टेलिफोन होता आणि दारात एक जुनी जीप. पांढरं कार्ड मिळालं तेव्हा त्यांना ते भूषण वाटलं होतं. पुढे जीप भंगारात गेली, टेलिफोनची तार कुणी कापून नेली, जमिनीच्या तीन वाटण्या झाल्या. कार्ड तेवढं पांढरं राहिलं. योजना पिवळ्या आणि केशरी कार्डांची होती. पांढऱ्या कार्डाच्या शेतकऱ्यालाही ती मिळत होती, पण मराठवाडा-विदर्भातल्या आत्महत्याग्रस्त म्हणून ठरवलेल्या चौदा जिल्ह्यांत. पुणे जिल्हा त्यात नव्हता. घोड नदीच्या काठच्या कोरडवाहू पट्ट्यात राहणाऱ्याने आपला जिल्हा कुठे ठेवलाय हे छातीत कळ येण्याआधी बघून ठेवायला हवं होतं.

कुणीतरी म्हणालं, रंग बदलून आणा. त्यासाठी तलाठ्याकडून उत्पन्नाचा अहवाल, मग सेतूत अर्ज, मग तहसीलदारांचा दाखला, मग पुरवठा शाखा. म्हणजे कवठ्याहून मलठणमार्गे शिरूर, आणि तेही एका हेलपाट्यात होईल तर. शिरा उघडायला डॉक्टरांनी तासांची मुदत दिली होती. मामांच्या दोन गाई आणि बराखीतला सगळा कांदा त्या आठवड्यात गेला. भाव पडलेला होता का चढलेला, हे कुणी पाहिलं नाही.

त्या वर्षीच्या सरकारी हिशेबात मामांच्या नावापुढे शून्य खर्च लागला असणार. नाव नोंदलंच गेलं नाही, तर खर्च कुठून लागणार? कागद कमी केले तर सरकारचा खर्च वाढतो असं म्हणतात, ते आकड्यांनी खरं आहे. ज्यांना दारातून परत पाठवत होतो ते आत येणार, उपचार घेणार, बिल होणार. पण परत पाठवलं म्हणून बिल वाचलं असं थोडंच होतं? ते कुणाच्या तरी गोठ्यातून भरलं जातं. दाखल्याची एक जादा अट म्हणजे न बोलता लावलेली गाळणी. ती खोटं बोलणाऱ्याला अडवते कधीमधी. थकलेल्याला मात्र हमखास अडवते.

हे आपल्याकडेच आहे असं नाही. अमेरिकेत गरिबांसाठी मेडिकेड नावाची योजना आहे. कोरोनाच्या काळात तिथे दर वर्षी पात्रता पुन्हा सिद्ध करण्याची अट थांबवली होती. २०२३च्या वसंतात ती परत लागू झाली आणि पुढच्या दीडेक वर्षात अडीच कोटींच्या आसपास लोकांची नावं गळाली. त्यांतल्या दहांपैकी जवळपास सात जणांची नावं कागदोपत्री कारणांनी गेली: पत्र जुन्या पत्त्यावर गेलं, फॉर्म वेळेत परत आला नाही, एक रकाना रिकामा राहिला. ते लोक पात्र होते की नव्हते, हे पाहण्याची पाळीच आली नाही. तिथेही घराघरांत दाराआड एखादी पिशवी असणार. तिच्यावर मोर नसेल, एवढंच.

आपल्याकडे कागद कमी करण्याचे प्रयत्न झाले नाहीत असं कुणी म्हणू नये. उलट फार झाले. त्यांची मोजदाद दवाखान्याचीच्या पोटात होते, कारण दर प्रयत्नागणिक तिथे एक वस्तू वाढली. कागद नको, आधार आणा म्हणाले, आधार आलं. रेशनकार्ड ऑनलाइन झालं, म्हणून बारा आकड्यांच्या नंबराचा कागद आला. सप्टेंबर २०१८मध्ये आयुष्मान भारत आली, २०११च्या सामाजिक-आर्थिक आणि जातगणनेतल्या यादीत नाव असलं की झालं, अर्जच नको. मग यादीत नाव असल्याचं कार्ड आलं. आरोग्याची सगळी कागदपत्रं मोबाइलमध्ये राहावीत म्हणून चौदा आकडी आभा नंबर आला. तो आत्याने चिठ्ठीवर लिहून घेतला आणि चिठ्ठी पिशवीत टाकली. २९ ऑक्टोबर २०२४पासून सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येकाला, श्रीमंत-गरीब न पाहता, पाच लाखांचं संरक्षण मिळालं. त्याचं वेगळं कार्ड. कागदी घोडे कमी झाले खरे, पण प्रत्येकाने जाताना आपली नाल पिशवीत ठेवली.

आणि तरीही, सगळ्यांत मोठा बदल कार्डाच्या रंगाचाच झाला. कोरोनात, मे २०२०मध्ये, राज्य सरकारने काही काळासाठी फुले योजना सगळ्यांना खुली केली होती. २८ जुलै २०२३च्या शासन निर्णयाने ती कायमची सगळ्यांना दिली आणि १ जुलै २०२४पासून ते अंमलात आलं. पिवळं, केशरी, पांढरं, काही असो. मर्यादा दीड लाखावरून पाच लाखांवर. पंचवीस वर्षं मानाने बसलेल्या आमच्या पांढऱ्या कार्डाला एका दिवसात इतरांच्या पंगतीला बसवलं. मामा म्हणाले, “जीप विकायच्या आदी केलं असतं तर?” जीप कुणी विकली नव्हती, तिला भंगारात जाऊन वीस वर्षं झाली होती. पण मी काही बोललो नाही.

दुसरी कळ २०२४ची दिवाळी सरल्यावर आली. यावेळी रंग कुणी विचारला नाही. काउंटरवरच्या पोराने आधार नंबर टाकला आणि यंत्र पुढे केलं, “मामा, अंगठा.” अंगठा लागला नाही. पुसून लावला, लागला नाही. दुसरा हात, तर्जनी, मधलं बोट. पन्नास वर्षं खुरपं, दावं आणि कांद्याचा चीक यांनी त्या बोटांवरच्या रेघा कधीच नांगरून टाकल्यात. मग ओटीपी. तो गेला आधारला जोडलेल्या नंबरावर, आणि ते सिम रिचार्ज न मारल्यामुळे बंद पडून वर्ष झालेलं. शेवटी पोरगा मोबाइल घेऊन स्ट्रेचरपाशी आला. “मामा, इकडं बघा. आता डोळे मिटा… उघडा… परत मिटा.” छातीवर वायरी लावलेला माणूस, आपण जिवंत असून आपणच आहोत, हे पापण्या हलवून सांगत होता. तिसऱ्या खेपेला हिरवी खूण आली. पोराच्या कपाळावर मामांच्यापेक्षा जास्त घाम होता.

आमच्या गावच्या देवीच्या नावाची एक कथा सांगतात. सीतेला शोधत राम रानात फिरत होता. त्याची परीक्षा पाहायला पार्वती सीतेचं रूप घेऊन वाटेत उभी राहिली. रूप हुबेहूब, खोट कुठेच नाही. पण रामाने पाहिलं आणि म्हणाला, ‘ये माई.’ तीच येमाई. म्हणजे ज्या देवीच्या नावातच ओळख पटल्याची खूण आहे, तिच्या गावचा माणूस यंत्रापुढे पापण्या मिटत होता. गावाला माणूस चालीवरून कळतो, खोकण्यावरून कळतो. इथे गावाचं नाव लावूनही माणूस ओळखला जातो. लोकशाहीर बशीर मोमीन यांना तमाशाच्या फडांतून लोक ओळखत आले ते ‘कवठेकर’ म्हणून. यंत्राला मात्र एकच स्पेलिंग माहीत. मामांच्या रेशनकार्डावर आडनावात एक ‘ए’ जास्त आहे. त्या ‘ए’साठी पोरगा तासभर फोनवर होता.

ओळख पटली, योजनेत नोंद झाली आणि डॉक्टर आले. त्यांनी विचारलं, “मागच्या वेळी कोणत्या शिरेत स्टेंट टाकलाय?” पोराने संगणकात पाहिलं. काही नाही. २०१७चा उपचार योजनेबाहेरचा होता. त्या काउंटरच्या दृष्टीने तो झालेलाच नव्हता. मोबाइलमधला आभा नंबर उघडला, तर आत सगळं कोरं. तेव्हा आत्याने मांडीवरची दवाखान्याची उघडली, वरचा सगळा थर, दाखले, उतारे, झेरॉक्सा, भराभर बाकड्यावर काढून ठेवला आणि तळात कोपरापर्यंत हात घातला. घडी पडलेला अँजिओग्राफीचा रिपोर्ट निघाला. डॉक्टरांनी तो खिडकीच्या उजेडात धरला, वाचला आणि म्हणाले, “हे फार बरं केलंत.” मी आत्याकडे पाहिलं. लेकीला पहिला नंबर मिळाल्यासारखी ती पिशवीवर हात फिरवत होती.

बाकड्यावर त्या दिवशी दोन ढीग पडले होते. वरच्या थराचा ढीग वीतभर उंच. त्यातल्या एकाही कागदाने मामांच्या हृदयाबद्दल अक्षर सांगितलं नव्हतं. तळाचा ढीग बोटभर, आणि कामाचा तोच. कागद कमी करायचे तर यातले कोणते, हे कुणी आत्याला विचारलं असतं तर तिने हाताने दाखवलं असतं.

पण वरचा ढीग फुकटात कमी होत नाही, हेही त्याच काउंटरवर दिसलं. रुग्णाकडचे कागद दोनावर आले, कारण बाकीचे त्या पोराच्या गळ्यात पडले. नोंदणी, रुग्णाचा खाटेवरचा फोटो, रिपोर्ट अपलोड, उपचाराआधीची मंजुरी, मग शस्त्रक्रियेची टिपणं, डिस्चार्ज, मग बिलाचा दावा, मग दाव्यावरचे प्रश्न. पिशवी हलकी झाली तितका सर्व्हर जड झाला. आरोग्यमित्र कंत्राटी असतो. त्याच्या पगाराची कुरकुर ऐकून घ्यायला कुणाला वेळ नसतो. गावात हेच ओझं आशाताईच्या मोबाइलवर येतं. दिवसभर गरोदर बायांच्या घरी फिरून झालं, की रात्री रेंज मिळते त्या टेकाडावर उभी राहून ती लोकांची कार्डं काढते. रुग्णालयांचं म्हणणं, दर परवडत नाहीत आणि पैसे उशिरा येतात. वाचवलेला प्रत्येक कागद कुणाच्या तरी टेबलावर चढलेला असतो.

आणि टेबलावर माणूस कमी पडला, की काय होतं ते महालेखापरीक्षकांनी लिहून ठेवलंय. ऑगस्ट २०२३मध्ये आयुष्मान भारतचा त्यांचा अहवाल संसदेत आला. त्यात ७ लाख ४९ हजार ८२० लाभार्थी एकाच मोबाइल नंबराला जोडलेले निघाले: दहा वेळा नऊ. आणखी १ लाख ३९ हजार ३०० जण दहा वेळा आठला. आधीच मृत म्हणून नोंद झालेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर पुढेही उपचार दाखवलेले होते आणि त्यांपोटी ६ कोटी ९७ लाख रुपये दिले गेले होते. सरकारने खुलासा केला, की मोबाइल नंबरावरून पात्रता ठरत नाही, ओळख आधारवरून पटवली जाते. खुलासा बरोबर असेलही. पण त्या नऊ-नऊ-नऊमध्ये मला एक ऑपरेटर दिसतो. समोर रांग, भिंतीवर आजचं टार्गेट, आणि पुढ्यात फोन नसलेली म्हातारी. रकाना रिकामा सोडता येत नाही. त्याने नऊचं बटण दाबून धरलं असेल. तिचं काम झालं, त्याचं टार्गेट झालं. मेलेल्यांच्या नावावरची बिलं मात्र अशा दयेतून निघत नाहीत. ती पकडायला डोळे लागतात, आणि डोळ्यांनाही पगार लागतो.

म्हणून कागद कमी करण्याचा खर्च किती, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, खर्च भरपूर आहे आणि तो करावा. आत आलेल्या पांढऱ्या कार्डवाल्याचं बिल, काउंटरवर दुसरा माणूस, आशाताईच्या रात्रीचे पैसे, लबाडी शोधणारी माणसं, आणि तळातला तो रिपोर्ट कुठल्याही दवाखान्यात उघडेल अशी खरीखुरी नोंद. हे सगळं मांडलं तर आकडा मोठा होतो. पण आजवरही तो आकडा होताच. तो दवाखान्याचीचे बंद धरणाऱ्या हाताने उचलला, म्हणून कुठे लिहिला गेला नाही.

मामा चौथ्या दिवशी घरी आले. खिशातून गेलं ते जाण्यायेण्याचं आणि चहापाण्याचं. गोठ्यातली गाय जागच्या जागी होती. संध्याकाळी आत्याने पिशवी खाटेवर उपडी केली आणि पुन्हा लावायला घेतली. नवं डिस्चार्ज कार्ड तळात, नवं सत्तरीचं कार्ड वर. मी म्हटलं, “आत्या, आता रंग कुणी विचारत नाही. हे उत्पन्नाचे दाखले काढून टाक. आणि या झेरॉक्सा तरी.”

तिने दाखले हातात घेतले, उलटसुलट पाहिले, झेरॉक्सांचा गठ्ठा गुडघ्यावर आपटून सारखा केला आणि सगळं परत आत सरकवलं.

“असू दे. आज इचारलं न्हाई. उद्या इचारलं तर?”

तिने पिशवी खिळ्याला अडकवली. खिळा भिंतीतून थोडा बाहेर आला, पांढऱ्या चुन्याची भुकटी खाली पडली. मामांना डॉक्टरांनी महिनाभर कष्टाचं काम बंद सांगितलं होतं. ते खाटेवरून उठले, माळ्यावरच्या डब्यातून एक लांब खिळा शोधला, जुना उपटला, आणि आत्या नको नको म्हणत असताना तो चार घावांत भिंतीत बसवला.